हवामान परिषदेला निघालात? आधी एक परिच्छेद धरा

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी होतं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काठावरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. त्या वर्षी पंचनाम्यांसाठी फिरता फिरता मी या कामात ओढली गेले आणि पुढं एका संस्थेची निरीक्षक म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींना जाऊ लागले.

आता जत, आटपाडी, तासगाव, माण-खटाव इकडची पोरं-पोरी फोन करतात, "ताई, आम्हालाही जायचंय, तयारी काय करू?" ज्याला त्याला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

पहिल्यांदा गेलेला कार्यकर्ता तिथून बहुतेक वेळा खचून येतो. मीही आले होते. महिनाभर कुणाशी नीट बोलले नाही. आपण आपलं दुःख घेऊन जातो. वाटतं, एकदा सांगितलं की ऐकतील. पण त्या दालनात चर्चा मजकुरावर चालते. कुठला शब्द राहील, कुठला जाईल, एवढंच तिथं ठरतं. हे आधी ठाऊक असलं तर माणूस पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. नसलं तर दोन आठवडे या दारातून त्या दारात फिरतो आणि रिकाम्या हातानं घरी येतो.

बॅज, व्हिसा, भडंग

एकट्या माणसाला नोंदणी करता येत नाही. हवामान सचिवालयाची मान्यता असलेली संस्था लागते आणि त्या संस्थेनं तुमचं नाव पाठवावं लागतं. संस्थेच्या वाट्याला मोजकेच बॅज येतात, म्हणून परिषद नोव्हेंबरात असली तरी बोलणी उन्हाळ्यातच सुरू करा. बॅज ब्लू झोनचा आहे ना, हे विचारून घ्या. वाटाघाटी तिथं चालतात. ग्रीन झोनमध्ये प्रदर्शनं आणि भाषणं असतात, त्यासाठी एवढा खर्च करून जाण्यात अर्थ नाही.

निरीक्षकांचे नऊ गट आहेत: पर्यावरण संस्था, शेतकरी, महिला, तरुण, कामगार संघटना, आदिवासी, संशोधक, स्थानिक स्वराज्य संस्था आणि उद्योग. आपली मुलं सरसकट तरुणांच्या नाहीतर पर्यावरणाच्या गटात शिरतात. द्राक्षबाग असलेल्या घरातल्या मुलानं शेतकरी गटात बसावं असं माझं ठाम मत आहे. छाटणीनंतर पाऊस लागून घड कसे जिरतात, तयार मण्यांना तडे कसे जातात, हे स्वतः पाहिलेली माणसं तिथं फार नसतात.

पैसे एकाच फेरीपुरते असतील तर मोठ्या परिषदेचा नाद सोडा आणि जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला जा. नोव्हेंबरच्या परिषदेसाठीचे मसुदे तिथं घडतात. दुबईला २०२३ च्या मोठ्या परिषदेत ऐंशी हजारांवर माणूस होता. कोळसा, तेल आणि वायू कंपन्यांसाठी काम करणारे २,४५६ जण त्यात असल्याचं नोंदणीच्या यादीवरून कार्यकर्त्यांच्या एका आघाडीनं मोजून दाखवलं होतं. त्या गर्दीत आपला आवाज कुठं पोचतो? बॉनला मात्र वाटाघाटी करणारे अधिकारी कॉफीच्या रांगेत तुमच्या पुढंच उभे असतात. नमस्कार करून बोलायला सुरुवात करता येते.

व्हिसाचं काम बॅज पक्का झाल्याच्या दिवशी हातात घ्या. एका वर्षी माझा पासपोर्ट बैठक सुरू होऊन तीन दिवस झाल्यावर मिळाला. आफ्रिकेतल्या आणि बांगलादेशातल्या मैत्रिणींच्या वाट्याला हे नेहमीच येतं. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनाच दारात थांबवून ठेवतात, याचा राग मला अजून येतो.

खाण्याचं थोडक्यात: शेवटच्या दोन रात्री बैठका पहाटेपर्यंत लांबतात आणि तोवर जेवणाची दुकानं बंद झालेली असतात. मी भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेते. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मूठभर भडंग दिलं की तो कुठल्याही देशाचा असो, बोलायला लागतो.

कंस आणि क्रियापद

आता खरं काम. मसुदा हातात आला की आधी चौकोनी कंस शोधा. कंसातल्या मजकुरावर एकमत झालेलं नसतं. कंस उठला तर वाक्य राहतं, नाहीतर कंसासकट जातं. सगळा मसुदा वाचत बसू नका. एक परिच्छेद निवडा आणि दोन आठवडे त्याच्या मागं राहा. आज त्यात किती कंस आहेत, काल किती होते, मधल्या बैठकीत कोणता देश काय बोलला, हे तारीख-वेळ घालून वहीत लिहा. आपल्याकडं सातबारावरचा फेरफार जसा पाहतात तसं पाहायचं.

मग क्रियापद. ग्रामसभेच्या ठरावात "विनंती करण्यात येत आहे" आणि "ठरविण्यात येत आहे" यांत काय फरक असतो, तो तुम्हाला माहीत आहे. तिथंही अगदी तसंच. "ठरवते" सगळ्यात वर. त्याखाली "आग्रह करते", "प्रोत्साहन देते", "आमंत्रण देते" आणि पार तळाला "नोंद घेते". तुमच्या मागणीची "नोंद घेतली" असेल तर टाळ्या वाजवू नका.

एका क्रियापदानं काय होतं, त्याची गोष्ट २०१५ ची, पॅरिसची. तिथं झालेल्या हवामान कराराच्या चौथ्या कलमात विकसित देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घेण्याबद्दल एक वाक्य आहे. अखेरच्या मसुद्यात तिथं बंधनकारक क्रियापद आलं होतं, "घेतील" अशा अर्थाचं. अमेरिकेनं हरकत घेतली. शेवटच्या तासांत सचिवालयातर्फे काही दुरुस्त्या वाचून दाखवण्यात आल्या आणि त्यांत "घेतील"चं "घ्यावा" झालं. २०२१ ला ग्लासगोमध्येही असंच झालं. कोळसा "हद्दपार करणं" असं लिहिलेलं होतं, ते अगदी शेवटी भारताच्या दुरुस्तीनं "कमी करत नेणं" झालं आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना व्यासपीठावर भरून आलं.

हा ग्लासगोचा प्रश्न तुम्हाला तिथं विचारतातच. "तुमचा देश असं का वागला?" त्या वेळी सरकारचे वकील होऊ नका आणि समोरच्याचेही होऊ नका. मी दोन्ही गोष्टी सांगते. दीडशे वर्षं धूर कुणी सोडला याचा हिशेब बाजूला ठेवून फक्त कोळशावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. त्याच वाक्यात तेल आणि वायूचं नावही नव्हतं. आणि तरीही कोळसा जळत राहिला तर बुडणार कृष्णाकाठच आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही बोलायला लाजू नये.

"भरपाई" हा शब्द

माझा परिच्छेद "हानी आणि नुकसान" या विषयातला, म्हणजे हवामान बदलानं जे गेलं आणि आता टाळता येत नाही त्याचा. पहिल्या वेळी मी एक पानाचं टिपण करून नेलं होतं: पुराची पातळी, पडलेली घरं, वाहून गेलेली जनावरं, उसात आठ-आठ दिवस तुंबलेलं पाणी, आणि शेवटी मागणी. मागणीत शब्द होता "भरपाई". आपल्याकडं दुसरा शब्दच नाही. पीक गेलं की भरपाई, घर पडलं की भरपाई.

पॅसिफिक बेटांवरच्या एका मैत्रिणीनं ते पान वाचलं आणि तो एकच शब्द बोटानं दाखवून म्हणाली, "हा इथं चालत नाही." मला कळेना. मग तिनं पॅरिस करारासोबतच्या निर्णयातला ५१ वा परिच्छेद उघडून दिला. कराराच्या आठव्या कलमात हानी आणि नुकसान मान्य केलं आहे, पण त्यातून कुठलंही दायित्व किंवा भरपाई निघत नाही, असं त्या परिच्छेदात सरळ लिहिलंय. म्हणजे नुकसान झालं हे मान्य. ज्यानं केलं त्यानं भरून द्यावं, हे मात्र नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावात म्हातारीला कळतो तो शब्द जगातल्या सगळ्यात मोठ्या दालनाबाहेर ठेवलेला आहे.

म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी हे करा: आपल्या विषयात कुठले शब्द चालतात, कुठले बाहेर ठेवलेत, आणि कुणी ठेवलेत, याची यादी. जुन्या कार्यकर्त्यांना विचारा, ते खुशीनं सांगतात. चालणाऱ्या शब्दांत टिपण लिहा, कारण दुसऱ्या शब्दांतलं कुणी वाचत नाही. पण बाहेर ठेवलेला शब्द आपल्या वहीत ठेवा.

असं नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांना मदत देण्यासाठीच्या हानी-नुकसान निधीचं म्हणाल तर, तो इजिप्तमधल्या शर्म अल शेखला २०२२ मध्ये मान्य झाला आणि दुबईला पहिल्याच दिवशी सुरू झाला. सगळं सभागृह उभं राहिलं. मीही उभी राहिले, आणि तो आनंद खरा होता, कारण त्या एका गोष्टीसाठी छोट्या बेटांनी तीस वर्षं काढली होती. मग आकडे येऊ लागले. यजमान देशाचे १० कोटी डॉलर, जर्मनीचे १० कोटी, अमेरिकेचे १ कोटी ७५ लाख. परिषद संपेपर्यंत सगळ्यांची आश्वासनं मिळून ७० कोटी डॉलरच्या थोडं वर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण ५,८०० कोटी रुपये. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानं केंद्राकडं ६,८१३ कोटी मागितले होते, त्यातले सुमारे ४,७०० कोटी एकट्या सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्यासाठी. तीन जिल्हे, एक पूर. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेला कागद मी आजही पर्समध्ये ठेवते. असा एक कागद तुमच्या तालुक्याचाही करा. समोरचा अधिकारी शांत होतो आणि वाचतो.

एक सावधगिरी. आपला पूर फक्त हवामान बदलानं आला असं सांगू नका. नदीपात्रातली अतिक्रमणं, पुररेषेतली बांधकामं, कोयनेतून सोडलेलं पाणी, अलमट्टीचा वाद, हे सगळं आपल्या पुरात मिसळलेलं आहे आणि तिथल्या अभ्यासू माणसाला ते ठाऊक असतं. आपणच आधी सांगितलं तर पुढच्या बोलण्याला वजन येतं. थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस कोसळतो, हा भाग आमच्या हातातला नाही, बाकीच्यासाठी आम्ही आमच्या सरकारशी भांडतोय, असं मी म्हणते.

खोळंबा झाला की

खोळंबा होणारच. १९९५ च्या बर्लिनच्या पहिल्या परिषदेपासून मतदानाचा नियम मंजूरच झालेला नाही, त्यामुळं सगळं सर्वसंमतीनं चालतं. एखाददुसरा देश अडून बसला तरी काम थांबतं. २०२३ ला बॉनमध्ये विषयपत्रिकाच बैठक संपायच्या आदल्या दिवशी मंजूर झाली. २०२५ ला तिथंच पहिले दोन दिवस विषयपत्रिकेत गेले. घरून कर्ज काढून आलेल्या माणसाला हे बघवत नाही.

असा वेळ मिळाला की दालनाबाहेर बसून राहू नका. आपल्या परिच्छेदावर काम करणाऱ्या देशांची नावं काढा आणि त्यांच्या माणसांना भेटा. भारताच्या शिष्टमंडळालाही भेटा. काही जण टाळतात, काही मनापासून ऐकतात. छोट्या देशांची तर दोन-तीनच माणसं असतात आणि एकाच वेळी दहा खोल्यांत बैठका चालतात. तुमच्या वहीतली टिपणं त्यांना खरोखर उपयोगी पडतात. माझ्या आयुष्यात वाटाघाटीला हात लागला असं वाटलं ते अशाच एका दुपारी, जेव्हा एका बेटाच्या प्रतिनिधीनं माझी वही मागून घेतली आणि आदल्या रात्री कोण काय बोललं ते उतरवून घेतलं.

बंद दाराबद्दल: काही बैठका निरीक्षकांना खुल्या असतात, काही नसतात, आणि एखाद्या देशानं हरकत घेतली की खुलीचीही बंद होते. लवकर जा, मागच्या रांगेत बसा, फोन खिशात ठेवा. बाहेर जा म्हणाले तर शांतपणे उठा आणि वहीत वेळ लिहा.

एक मिनिट

निरीक्षक गटांना सभेच्या शेवटी बोलायला मिळतं, एक मिनिट, फार तर दोन. कधी कधी तेही जातं. एकदा आमच्या गटातर्फे माझी पाळी होती. चार दिवस घासून लिहिलेलं निवेदन हातात, आणि सभा लांबल्यामुळं सांगण्यात आलं की लेखी द्या. मी तशीच माइकसमोर उभी राहिले, मग खाली बसले.

तरी लिहायचं ते नीटच लिहा. एक नदी, एक पूल, एक आकडा, एक मागणी. "मी भारतातून आले" इथून सुरू करू नका, "आमच्या पुलाखाली पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं" इथून करा. ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये बचावाची बोट उलटली. त्याबद्दल बोलावं का, याचा मी खूप विचार केला आहे. गेलेल्यांच्या घरच्यांना न विचारता मी कधी बोलत नाही आणि फोटो तर दाखवतच नाही. तुम्हीही विचारूनच बोला.

निदर्शनाचे नियमही कडक आहेत. आतमध्ये फलक धरायचा तर सचिवालयाची परवानगी, फलकावरचा मजकूर आधी दाखवायचा, कुठल्या देशाचं नाव घ्यायचं नाही. माद्रिदला २०१९ मध्ये आत निदर्शनं केल्यावर सुमारे दोनशे जणांना बाहेर काढण्यात आलं होतं. परवानगी काढून करायचं की नियम मोडून, हा ज्याचा त्याचा निर्णय, पण बॅज गेला तर तुमच्या संस्थेतल्या बाकीच्यांचं काय होईल, हे आदल्या रात्री सगळ्यांनी बसून ठरवा.

राग कुठं ठेवायचा

संध्याकाळी एकटे खोलीवर जाऊ नका. रोज रात्री चार माणसांत बसा, मराठी, हिंदी, बंगाली, कुठलीही चालतील, आणि दिवसभरात काय गेलं ते बोला. राग साठवला की तो शेवटच्या दिवशी आपल्याच माणसावर निघतो. मी एकदा माझ्या सोबतच्या मुलीवर काढला, तिची माफी मागायला मला वर्ष लागलं.

२०१३ ला वॉर्सॉमध्ये शेकडो कार्यकर्ते परिषद सोडून बाहेर पडले. हैयान वादळानं त्याच महिन्यात फिलिपिन्सची वाताहत केली होती आणि त्यांचे प्रतिनिधी येब सान्यो परिषदेत उपोषणाला बसले होते. बाहेर पडणाऱ्यांच्या शर्टांवर स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, "आम्ही परत येऊ". पुढची परिषद पेरूत होती आणि ते गेले.

वाट बदलण्याचंही एक उदाहरण आहे, आणि माझ्या मते आजवरचं सगळ्यात मोठं. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की वाटाघाटींत दार उघडत नसेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडं जायचं. वानुआतू या तिथल्या छोट्या बेट-देशानं ते उचललं. २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं सर्वसंमतीनं तो प्रश्न न्यायालयाकडं पाठवला. २३ जुलै २०२५ ला हेगमधून मत आलं: हवामानाचं रक्षण हे राज्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं आणि त्यातून झालेलं नुकसान दाखवता आलं, तर पूर्ण भरपाई देण्याची जबाबदारी येऊ शकते. मत सल्ल्याचं आहे, बंधनकारक नाही. पण "भरपाई" हा शब्द त्यात आहे. मी तो मजकूर सांगलीत बसून वाचला आणि त्या बेटावरच्या मैत्रिणीला फोन लावला. दोघींनाही बोलायला सुचेना.

शब्दासाठी चिवटपणे भांडणं आपल्या भागाला नवं नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांनी पाणी परिषदांतून "समन्यायी पाणीवाटप" हा शब्द वर्षानुवर्षं लावून धरला. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या सभांना गेलेली माणसं आजही गावात आहेत. जाण्याआधी त्यांच्याकडं एक संध्याकाळ बसा.

परत आल्यावर

आठ दिवस झोप काढा, मग पंधरा दिवसांच्या आत गावात बोला. उशीर केला की तपशील विसरतात. ब्लू झोनचे फोटो दाखवू नका. तुमचा परिच्छेद मराठीत करून फळ्यावर लिहा, कंसासकट, आणि कुठला शब्द कुणी काढला ते सांगा. लोकांना हे लगेच समजतं, कारण पाणी संस्थेच्या आणि सोसायटीच्या सभांत त्यांनी हेच पाहिलेलं असतं. बाकूला २०२४ मध्ये विकसनशील देशांना द्यायच्या हवामान-मदतीचा वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा हातोडा पडून मंजूर झाला आणि त्यानंतर भारतानं उठून हरकत घेतली, हे मी सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे सभेत आधी ठराव पास आणि मग विरोधाला वेळ."

पुढचा पावसाळा लागायच्या आत ग्रामसभेत ठराव घ्या: पूररेषेच्या खुणा, बोटी आणि त्यांची क्षमता, जनावरांची छावणी कुठं, पंचनामे किती दिवसांत. त्याच ठरावात न्यायालयाच्या मताचा उल्लेख करून केंद्र सरकारनं पुढच्या परिषदेत काय मांडावं, तेही लिहा. सूचक म्हणून पुरात घर गेलेल्या बाईचं नाव घ्या आणि अनुमोदक म्हणून तरुण मुलाचं. प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि खासदारांना द्या, पोचपावती घ्या.

लिहून झाल्यावर मी ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या शेजारी बसून इतिवृत्त स्वतः वाचते. सवयीनं "भरपाई मिळण्याबाबत विनंती" असं लिहिलेलं असतं. तिथंच त्यांच्याकडून "विनंती" खोडून "मागणी" करून घेते, आणि खाडाखोडीशेजारी त्यांची सही.